भिंतीच्या पोटातली हवा

तिरुवनंतपुरमच्या स्टेशनाबाहेर पडून रस्ता ओलांडला, की बसस्टँडच्या शेजारी लाल विटांचा एक गोल बुरूज उभा दिसतो. पहिल्या नजरेला वाटते, ही जुनी पाण्याची टाकी असावी. दुसऱ्या नजरेला वाटते, कुणा हौशी गृहस्थाने भर बाजारात किल्ला बांधायला घेतला आणि पैसे संपले म्हणून बिचारा एका बुरुजावरच थांबला. भिंतीला सगळीकडे भोकेच भोके. पाटी मात्र रोखठोक आहे : 'इंडियन कॉफी हाऊस'.

आत शिरलो तर जिना नाही आणि मजलेही नाहीत. जमीनच गोल गोल फिरत वर चढत जाते, शंखाच्या पोटातून चालल्यासारखी. बाहेरच्या भिंतीला लागून विटांनी बांधलेली बाके, त्यांच्यामध्ये बांधीव टेबले. जमीन उतरती असली तरी टेबल सपाट, त्यामुळे कॉफी बशीत सांडत नाही. आमच्या हिने पहिल्यांदा तेच तपासून पाहिले. डोक्याला पंख्यासारखा तुरा लावलेला वेटर मसाला डोसा घेऊन आला. त्यातली भाजी बिटाची, लालभडक. बाहेर मे महिन्यातली, घामाने सदरा पाठीला चिकटवणारी हवा होती. आत वातानुकूलन यंत्राचे नाव नव्हते, पण भिंतीतल्या त्या भोकांतून वाऱ्याची झुळूक येत होती आणि उन्हाचे लहान लहान चौकोन आमच्या बशांवर पडले होते. बॅगा पायाशी ठेवून आम्ही तिथे तासभर बसलो. कुणी उठवले नाही.

हा बुरूज बांधणारा माणूस इंग्रज होता. लॉरी बेकर, जन्म १९१७, गाव बर्मिंगहॅम. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परत निघालेला हा तरुण वास्तुविशारद बोटीची वाट पाहत मुंबईत अडकून पडला आणि तेथे त्याची गांधीजींशी गाठ पडली. त्याच्या पायात स्वतःच्या हाताने चिंध्यांचे केलेले जोडे होते आणि गांधीजींचे लक्ष आधी त्या जोड्यांकडे गेले, असे ते पुढे सांगत. घर बांधायचे तर आसपासच्या पाच मैलांत जे मिळेल त्यातूनच बांधावे, हा विचारही त्यांनी गांधीजींकडूनच घेतला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी पुन्हा भारतात आले, एका मल्याळी डॉक्टरीणबाईंशी लग्न केले, हिमालयात पिठोरागडला सोळा वर्षे काढली आणि मग केरळात येऊन राहिले ते कायमचे. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ च्या १ एप्रिलला, नव्वदाव्या वर्षी, त्याच शहरात ते वारले.

आता आम्ही इतक्या लांब का गेलो, ते सांगायला हवे. पद्मनाभस्वामींचे दर्शन आणि कन्याकुमारीचा सूर्योदय हे निमित्त घरात सांगायला ठीक होते. खरे कारण राजापूरच्या अलीकडे, आमच्या गावात होते. आजोबांच्या हातचे चिऱ्याचे घर, चार वाटेकरी, आणि थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, निश्चय : "हे पाडायचे आणि स्लॅब टाकायचा." दादा गावात असतो, आम्ही तिघे पुण्या-मुंबईत. वर्षाकाठी आठ दिवस आंबे खायला येणाऱ्यांनी बारा महिने गळक्या छपराखाली राहणाऱ्याला जुन्या घराचे सौंदर्य समजावून सांगणे हा शुद्ध आगाऊपणा आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून जे काय बोलायचे ते पाहून येऊन बोलावे, असे ठरवले. आमचा फ्लॅट पुण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर. दिवसभर प्यालेले ऊन स्लॅब रात्री अकरापर्यंत आमच्या अंगावर ओकत असतो आणि त्याचा हिशेब वीजमंडळ महिन्याच्या महिन्याला पाठवते. तेव्हा स्लॅबबद्दल माझे मत बनलेलेच होते; पण मत म्हणजे पुरावा नव्हे.

रत्नागिरीला संध्याकाळी गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडकीत बसून मी फक्त छपरे पाहत होतो. कोकणापासून केरळापर्यंत एकच किनारा, तोच तांबडा चिरा, तीच कौले, तीच माडांची गर्दी. ही मंगलोरी कौले आपण आजोबा-पणजोबांच्या काळची, अस्सल देशी म्हणून मिरवतो. पण त्यांचा पहिला कारखाना मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ साली काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातची नळीची कौले होती आणि गवताची छपरे होती. म्हणजे आमच्या आजोबांनीही त्यांच्या वेळी नवीच फॅशन केली होती. हा मुद्दा दादाच्या बाजूचा, म्हणून मी तो मुद्दाम लिहून ठेवला.

केरळात शिरल्यावर मात्र चित्र पालटले. आखाती देशांतल्या पैशाने बांधलेले पिवळे, जांभळे, पोपटी बंगले आणि त्या बंगल्यांच्या सपाट स्लॅबवर लोखंडी सांगाडा घालून चढवलेला पत्रा! आमच्या कोकणातही हीच तऱ्हा आहे. कौले नकोत म्हणून स्लॅब, स्लॅब गळतो म्हणून पत्रा, आणि पत्रा तापतो म्हणून पंखा. एका डोक्यावर दोन टोप्या, आणि तरी ऊन लागतेच.

बेकरांचे सर्वांत मोठे काम म्हणजे उळ्ळूर भागातले 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज', अर्थशास्त्राचे अभ्यासकेंद्र. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि त्या वेळचे मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. परवानगी काढून आम्ही आत गेलो. चढउताराची जागा, भरगच्च झाडी, आणि झाडांना वाट देत वळणे घेणाऱ्या विटांच्या भिंती. कुठे माती खणून जागा सपाट केल्यासारखी वाटत नाही. टेकडी जशी वळली तशी इमारत वळली आहे. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही. खिडकीच्या जागी बहुतेक ठिकाणी जाळी : विटा रचताना मध्ये मध्ये एक वीट गाळायची, बस्स. खिडकीला चौकट लागते, लाकूड लागते, काच, गज, बिजागऱ्या आणि सुतार लागतो, त्यामुळे तेवढ्याच भिंतीच्या कितीतरी पट खर्च तिच्यावर होतो. आणि एवढे करून आपण तिला पडदा लावून बंद ठेवतो! जाळी हवा घेते, उजेड गाळून घेते आणि चोराला आत घेत नाही.

मला थक्क केले ते तिथल्या संगणक केंद्राने. संगणकांना गारवा लागतो, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे बंद काचेची पेटी हवी. बेकरांनी तिथे घरात घर बांधले. आतली खोली बंद, थंड ठेवलेली. आणि तिच्या बाहेरून एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची दुसरी विटांची जाळीदार भिंत. ऊन बाहेरच्या भिंतीवर थांबते, आतल्या भिंतीवर सावली पडते आणि दोहोंच्या मधून वारा फिरतो. आपल्या आजीने उन्हाळ्यात पाण्याच्या माठाला ओले फडके गुंडाळून तो पडवीच्या सावलीत ठेवला, त्यातला अर्धा विचार इथे आहे. उन्हाला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचे नाही. एकदा ते आत आले, की मग यंत्र लावून बाहेर काढणे हा उलटा, आणि महागडा, धंदा होय.

इमारती पाहून झाल्या. पण त्यात राहायला कसे वाटते, ते इमारत सांगत नाही. ते सांगायला एक मराठी कुटुंब भेटले. गृहस्थ थुंब्याच्या अवकाश केंद्रात उमेदीची वर्षे काढून निवृत्त झालेले. त्यांचे घर बेकरांचे नव्हे, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या गवंड्यांनी बांधलेले आणि पस्तीसहून अधिक वर्षे पावसाळे खाल्लेले. चहा येईपर्यंत त्यांनी टेबलावर काड्यापेट्या मांडल्या.

"हे पाहा," ते म्हणाले, "नेहमीचा गवंडी वीट आडवी निजवतो. इथे ती कडेवर उभी करायची. बाहेरच्या अंगाला एक, आतल्या अंगाला एक, मध्ये पोकळी. आणि थोड्या थोड्या अंतरावर एक वीट आडवी घालून दोघींना बांधायचे. भिंत नऊ इंचाचीच, पण पोटात तीन इंच हवा. याला उंदराचा पिंजरा म्हणतात, 'रॅट-ट्रॅप बॉन्ड'. विटा आणि चुना-सिमेंट मिळून पाव हिस्सा वाचतो. आणि ती पोटातली हवा उन्हाला सहजासहजी आत येऊ देत नाही."

मग त्यांनी वर बोट दाखवले. छताला खालून चौकोनी कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक मंगलोरी कौल पालथे दिसत होते. हा 'फिलर स्लॅब'. स्लॅबच्या वरच्या थरातले काँक्रीट दाब सोसते, खालच्या थरातला ताण सळई घेते. म्हणजे खालचे काँक्रीट सळईला धरून ठेवण्यापलीकडे फारसे काम करीत नाही. उगाच वजन वाढवते. मग सळयांच्या मधल्या जागेत काँक्रीटऐवजी जुनी कौले जोडीजोडीने बसवायची. सिमेंट वाचते, वजन घटते आणि दोन कौलांमध्ये कोंडलेली हवा उन्हाला अडवते. जुन्या घराची उतरवलेली कौले नव्या घराच्या छतात बसतात. मी दादाच्या घरावरची कौले मनातल्या मनात मोजायला लागलो.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांचे ऐकलेत ना? आता माझे ऐका. या उघड्या विटांवर धूळ बसते ती निघत नाही. कोळ्यांना जाळ्या विणायला यासारखी जागा नाही. खिळा ठोकायला जावे, तर पोकळीत जातो; देवाची तसबीर तीनदा पडली. गोल भिंतीला कपाट चिकटत नाही. आणि ती जाळी! डासांचे माहेर हो. दहा वर्षे भांडले, तेव्हा कुठे आतून बारीक तारेची जाळी बसवली. तिरक्या पावसात त्या कोपऱ्यात अजून पाणी येते."

"मग घर बदलावेसे वाटले नाही?" हिने विचारले.

"अगं, बदलायचे कशाला? उन्हाळ्यात शेजारचे लोक दुपारी आमच्याकडे येऊन बसतात." आणि किंचित थांबून, "वातानुकूलन यंत्र एक आहे. मुलगा-सून अमेरिकेहून येतात तेव्हा लावतो. त्यांना सवय नाही ना!"

त्यांच्या घराची दारे मला विशेष आवडली. एका पाडलेल्या 'तरवाडा'तून, म्हणजे जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यातून, आणलेली फणसाची दारे. बेकर स्वतः हे नेहमी करीत. पाडकामाच्या ठिकाणी जाऊन जुन्या तुळया, दारे, खिडक्या, कौले पारखून आणायची आणि नव्या घरात लावायची. नालंचिराच्या खडकाळ उतारावरचे त्यांचे राहते घर असेच वाढत गेले. मुळात ती लहानशी झोपडी, पुढे एकेक खोली, भिंतीत रंगीत बाटल्या, अंगणाला फुटक्या भांड्यांच्या कपच्यांची नक्षी. आम्ही ते रस्त्यावरूनच पाहिले.

मला वाटते, बेकरांना आपल्याकडे मान मिळाला आणि अनुकरण मात्र फार थोडे मिळाले, त्याचे कारण हिशेबात आहे. घराच्या एकूण खर्चावर शेकड्याने मेहनताना घेणाऱ्या माणसाला खर्च वाचवणारी युक्ती सांगणे म्हणजे हलवायाला साखर कमी खायला सांगण्यासारखे आहे. बेकरांनी तर खर्च कसा कमी करावा, हे स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच चित्रे काढून, स्वस्त पुस्तिकांतून सांगितले. १९८५ साली निघालेल्या 'कॉस्टफोर्ड' या संस्थेने ते काम पुढे चालवले.

एक दिवस पद्मनाभपुरमला गेलो. त्रावणकोरच्या राजांची ही जुनी राजधानी, १७९५ पर्यंतची. गंमत अशी की, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत गाव तमिळनाडूकडे, म्हणजे तेव्हाच्या मद्रास राज्याकडे, गेले; राजवाडा मात्र केरळ सरकार सांभाळते. सगळा लाकडाचा. मंत्रशाळेच्या भिंतींना तिरप्या फळ्या : बाहेरचा वारा आत येतो, ऊन येत नाही, आत बसलेल्याला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. काळी जमीन आरशासारखी गुळगुळीत. अनवाणी पायांना जो गारवा लागला, तो पुण्याच्या फरशीने मला कधी दिला नाही. वहिनींच्या घरातल्या जाळीचे आजोळ इथे सापडले.

पण जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला काय झाले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मातीत रचलेले जाड गोल दगड आणि डोक्यावर टनावारी माती वाहणारी माळवदे हजारो माणसांच्या अंगावर आली. ती घरेही गार होती, स्वस्त होती, जवळच्या मालाचीच होती. तेव्हा जुन्या घराला हात लावताना आधी त्याचे सांधे पाहावेत, चौकटींच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा एक पट्टा घालावा, आणि मग गारव्याच्या गोष्टी कराव्यात.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातले काय करता येईल, असे वाचक विचारतील. भिंत बदलता येत नाही हे खरे. पण गच्चीला पांढरा चुना देता येतो, पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून छज्जा किंवा चीक लावता येतो. नव्या इमारतींसाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ च्या डिसेंबरात 'इको निवास संहिता' काढली. उष्ण प्रदेशांत भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, असे त्यात म्हटले आहे. नवा फ्लॅट घेताना बिल्डरला स्नानगृहातल्या टाइल्सचा रंग विचारतो, तसा हाही आकडा विचारावा. निदान त्याचा चेहरा पाहायला मिळेल.

परत आल्यावर गावी बैठक बसली. काड्यापेट्यांचा प्रयोग मी जसाच्या तसा करून दाखवला. दादाने शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "आपल्याकडे वीट कुठे आहे? इथे चिरा." मुद्दा बरोबर होता. पाच मैलांतला माल म्हणजे आमच्याकडे चिराच. आणि आमच्या चिऱ्याच्या भिंतींना काहीच झालेले नव्हते. दुखणे होते ते छपराचे. दादाच्या मुलाचे म्हणणे, २०२४ ची ती सूर्यघर योजना घ्यायची, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान, आणि तिला स्लॅब हवाच. त्याला सांगितले, की वासे मजबूत असले तर कौलारू छपराच्या दक्षिणेकडच्या पाख्यावरही सांगाडा बसतो. मग सुताराला वर चढवले. पश्चिमेकडच्या पडवीचे वासे वाळवीने पोखरलेले निघाले. माजघरावरच्या फणसाच्या तुळया मात्र ठणठणीत. सुताराने वाकस मारला तर तोच परतला.

"आणि माकडे?" दादा म्हणाला. "शाकारणी तुम्ही येऊन करणार? एक टोळी आली की शंभर कौले फुटतात. मी आता पासष्टीचा. वर कोण चढणार?"

याला तिरुवनंतपुरमात उत्तर मिळालेले नव्हते. शेवटी वाद भिंतींवरून उठून छपरापुरता राहिला, आणि तेवढ्यात आम्हा चौघांचे जमले. घर पाडायचे नाही. पडवी आणि मोरी उतरवून तिथे उतरता फिलर स्लॅब घालायचा, त्यात पडवीचीच जुनी कौले भरायची. म्हणजे माकडे ज्या बाजूने चढतात ती बाजू पक्की होईल. माजघर, ओटी कौलारूच ठेवायची, फक्त रिपा नव्या. चौकटींवरून पट्टा घालायचा. शाकारणीच्या गड्याची मजुरी दरवर्षी आम्ही तीन शहरवाल्यांनी पाठवायची, आणि ती मृग लागायच्या आत पोचली पाहिजे, हे दादाने कागदावर लिहून घेतले. सुतार दिवाळी झाली की येतो म्हणाला आहे. लाकूड त्याने आताच कापून सावलीत रचून ठेवले आहे, आणि वहिनींचा निरोप म्हणून हिने जाळीच्या आत लावायची बारीक तार पुण्याहून आधीच धाडली आहे.